घरच्या घरी अभेद्य कूटलेखन

आपल्याला गुप्त संदेश पाठवायचे असतील, तर चाचा-ट्वेंटी या कूटलेखनाच्या पद्धतीसारख्या, तज्ज्ञांनी वर्षानुवर्षे ठोकून-बडवून पाहिलेल्या पद्धतीच्या वाटेला जाऊ नये. त्यात आपली हौस भागत नाही. त्यापेक्षा केऑस थिअरीतले, म्हणजे इवल्या फरकातून प्रचंड गोंधळ कसा माजतो या शास्त्रातले, लॉजिस्टिक समीकरण घ्यावे. शून्य आणि एक यांच्यामधला एखादा आकडा धरावा, एकातून तो वजा करून जे उरते त्याने त्याला गुणावे, त्याची चौपट करावी, म्हणजे ४क्ष(१ − क्ष), आणि आलेले उत्तर पुन्हा समीकरणात घालावे. असे निघालेले आकडे संदेशात मिसळत जावे; सुरुवातीचा आकडा हीच आपली किल्ली. ही युक्ती १९४७ मध्ये उलाम आणि फॉन नॉयमन यांनी सुचवली होती, एवढे सांगितले की सेमिनार निभावून जातो.

सुरुवातीचा आकडा नाशिकच्या दुतोंड्या मारुतीला लागलेल्या पुराच्या पाण्यावरून ठरवावा. पाणी कुठवर चढले हे अख्ख्या पंचवटीला ठाऊक असते, हा आक्षेप मनावर घेऊ नये. फक्त ०.७५ टाळावा, कारण त्याचे उत्तर कायम ०.७५ येते, आणि ०.५ तर नकोच, कारण त्यातून १ निघतो, एकातून शून्य, आणि पुढे शून्यच शून्य, म्हणजे संदेश जसाच्या तसा उघडा.

संगणकाच्या आकड्यात जेमतेम ५३ बिटांची अचूकता असते, त्यामुळे एकदा येऊन गेलेला आकडा कधीतरी पुन्हा येतो आणि त्यामागून तीच वरात निघते. १९८९ मध्ये रॉबर्ट मॅथ्यूज यांनी अशी पद्धत मांडली आणि त्याच वर्षी डॅनियल व्हीलर यांनी नेमके हे दुखणे दाखवले. आपण पहिला लेख वाचावा. मग रामकुंडाचा फोटो कूटबद्ध करून त्याची करडी वाळू झालेली दाखवावी, शेजारी करड्या छटा सारख्याच वाटल्या गेल्याचा सपाट आलेख लावावा आणि ही पद्धत फोडून पाहण्याच्या भानगडीत कुणाला पडू देऊ नये.

खरी गंमत पुढे आहे. आपण कॉलेज रोडवर कंस तसाच ठेवून ४क्ष ने गुणाल आणि सातपूरचा मित्र कंस सोडवून ४क्ष − ४क्ष² अशी वजाबाकी करील, तर बीजगणिताने दोन्ही एकच असले, तरी शेवटच्या बिटातली चूक सरासरीने दर पावलाला दुप्पट होत पन्नास-साठ पावलांत सगळा आकडा गिळते. मित्राचा फोन येईल, ‘‘अरे, नुसता कचरा दिसतोय.’’ त्याला शांतपणे सांगावे की हे कूटलेखन इतके अभेद्य आहे, की किल्ली हाती असूनही ते उघडत नाही.