काचेखालची कपाटं

बर्लिनच्या बेबेलप्लाट्झ चौकात जमिनीत एक काच बसवली आहे. वाकून पाहिलं की खाली पांढरी रिकामी कपाटं दिसतात, वीसेक हजार पुस्तकं मावतील एवढी. १० मे १९३३ च्या रात्री नाझींनी या चौकात साधारण तेवढीच पुस्तकं जाळली. नवी मुंबईतल्या आमच्या घणसोली गावाहून आई आली तेव्हा तिला तिथे नेलं. बराच वेळ खाली बघून ती म्हणाली, "आपलेकरं तं जालाला कोनी काय लिवलाच नाय."

साहित्य संमेलन जवळ आलं की ठाण्यातला माझा मित्र फोनवर हटकून म्हणतो, साहित्यात राजकारण नको. मला ते पटत नाही. १९७५ साली कराडच्या संमेलनात, आणीबाणी चालू असताना, दुर्गाबाई भागवत अध्यक्षपदावरून आणीबाणीला विरोध करणाऱ्या जयप्रकाश नारायणांसाठी बोलल्या, ते राजकारणच होतं. २०१९ ला यवतमाळच्या संमेलनात लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण मागे घेतलं, तेही राजकारणच. त्या दिवशी परदेशात बसून मला लाज वाटली होती.

पण हा वाद मांडवापुरताच राहतो, त्याचं मला जास्त वाईट वाटतं. १९७० मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको ही सरकारी कंपनी आली आणि आमची खाजणं, मिठागरं, भातशेती शहरासाठी गेली. जानेवारी १९८४ मध्ये उरण-जासई भागात जमिनी गेलेल्यांच्या आंदोलनावर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळण्याचा हक्क मिळाला. शाळेत मात्र मी नवी मुंबई शिकलो ती 'नियोजित शहर' म्हणून. त्या गावांबद्दल, त्या पाच जणांबद्दल एक ओळ नव्हती. वर बाई सगळ्या वर्गासमोर सांगायच्या, 'पानी' नाही, 'पाणी' म्हण. ज्या बोलीत आमच्या घरी सगळं सांगितलं जायचं, ती तोंडातून काढायची मला भीती वाटू लागली. कुठलंही पुस्तक न जाळता कपाट असंही रिकामं राहतं.

माझी मावशी धवलारीण आहे, म्हणजे लग्नात धवले, विधींची गाणी, गाणारी. हळदीला अजून तिला बोलावतात. हल्ली रविवारी मी फोनवर तिचे धवले रेकॉर्ड करून उतरवून घेतो. मध्येच थांबून ती मिठागरातल्या दिवसांचं सांगते. परवा उघाडीचं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराचं, सांगत होती: भरतीला कुठली फळी घालायची, आजोबा रात्री कंदील घेऊन कसे बांधावर जायचे. तेही लिहून घेतलं. 'पानी' तिच्या तोंडून आलं तसंच ठेवलंय.