ताशी शून्य किलोमीटर

परवा मी सायकलवरून पडलो तेव्हा सायकलचा वेग ताशी शून्य किलोमीटर होता. वेगात पडलो असतो तर चारचौघांत सांगायला बरं वाटलं असतं. उतारावर मुळावरून चाक घसरून, हवेत गिरकी घेऊन पडणाऱ्याला लोक पाणी देतात. जागच्या जागी, कापलेल्या झाडासारखा आडवा होणाऱ्याला सल्ला देतात. मला सल्ला मिळाला. तो कोणता ते पुढे येईलच. कोपर अजून ठणकतंय, त्यामुळे मी विसरणार नाही.

जागा म्हणजे डोंगराच्या धारेवरचं राखीव जंगल. दोन्हीकडे दरी, मधे गुरांच्या पाठीसारखी निघालेली धार, आणि तिथवर जायला सायकलला परवानगी असलेली एकच नागमोडी वाट. पायथ्याशी पिवळा त्रिकोणी फलक आहे: सायकलवाल्यानं चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला वाट द्यावी, चालणाऱ्यानं घोडेस्वाराला द्यावी. घोड्यानं कुणालाच द्यायची नाही. या उतरंडीत सगळ्यात खाली आम्ही. नियम योग्य आहे आणि माझी त्याला हरकत नाही. म्हणजे परवापर्यंत नव्हती.

पहिल्या वळणावर एक काका उभे होते. पायात साध्या चपला, हातात काठी, कपाळावर घामाचा थेंब नाही. मी धापा टाकत पोचलो तसे ते सायकलकडे वाकून बघायला लागले.

"ह्याला स्टँड नाही?"

"ना...ही."

"मग उभी कशी करता?"

आडवी ठेवतो, असं सांगायला जो श्वास लागतो तो माझ्याकडे नव्हता. खडकाळ वाटेवर स्टँड नुसता खडखडतो, दगडात अडकतो, हेही सांगायचं होतं. मी नुसतं हसलो आणि पुढे सरकलो. काका मागे राहिले.

दुसऱ्या वळणावर काका उभे होते.

मला आधी भास वाटला. चढावर डोक्याला रक्त कमी पडतं असं ऐकून आहे. पण भास मडगार्डबद्दल विचारत नाहीत. "मडगार्डपण नाही दिलं? दुकानदारानं फसवलंय तुम्हाला."

इथं थोडं गणित सांगतो, कारण ते मी घरी येऊन रागारागात केलं. माझ्या सायकलला मागे बारा गिअर आहेत. सगळ्यात हलक्या गिअरमध्ये पुढची चकती ३२ दात्यांची, मागची ५१ दात्यांची. पेडलची एक पूर्ण फेरी मारली की सायकल जेमतेम दीड मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर ताशी पाच किलोमीटर आणि वर थोडं चिल्लर. म्हणजे कार्बनची फ्रेम, हायड्रॉलिक ब्रेक, पुढेमागे सस्पेन्शन, एवढा सगळा फौजफाटा घेऊन मी बरोबर चालणाऱ्या माणसाच्या वेगानं चढत होतो. त्यात मी वाटेनं जात होतो आणि काका मधून.

हो, मधून. हे मला तिसऱ्या वळणावर कळलं. वाट जिथं लांबलचक वळसा घालते तिथं काका सरळ उभ्या आडवाटेनं वर चढत आणि पुढच्या वळणावर नव्या प्रश्नासह हजर होत.

आता ही वाट वळसे का घालते? डोंगरात वाट खणणाऱ्यांचा साधा ठोकताळा आहे: वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको, आणि सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास ठेवा. मधेमधे थोडा उलटा उतार ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी वाटेवरून धावत न सुटता बाजूला उतरतं. सरळ वर जाणारी आडवाट म्हणजे पाण्याला दिलेलं आमंत्रण. पहिल्या पावसात तिचा ओहोळ होतो, दुसऱ्यात नाला. हे मला माहीत आहे कारण त्या तिसऱ्या वळणावर मी स्वतः एक अख्खा रविवार कुदळ मारली आहे. तळहाताला फोड आले होते. आडवाट बंद व्हावी म्हणून आम्ही तिच्यावर वाळक्या फांद्या रचल्या होत्या.

"इथं कुणीतरी मुद्दाम काटक्या टाकून वाट अडवली होती," काका म्हणाले. "काय लोक असतात! मी सगळ्या बाजूला केल्या. ही काठी त्यातलीच. चांगली मजबूत निघाली."

मी काठीकडे पाहिलं. फांदी ओळखीची होती.

बोलण्यासारखं पुष्कळ होतं. १९९४ साली अमेरिकेतल्या मोंटानाच्या डोंगरवाटांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात घोडे, चालणारे, सायकली आणि मोटरसायकली एकाच वाटेवरून फिरवून कोण किती माती मोकळी करतं ते मोजलं होतं. ओल्या वाटेवर टापांनी आणि पायांनी चाकांपेक्षा जास्त माती सुटली. हा दाखला मला तोंडपाठ आहे; सायकलमुळे डोंगर झिजतो असं कुणी म्हणालं की तोंडावर फेकायचा म्हणून कित्येक वर्षं खिशात घेऊन हिंडतो आहे. परवा तो फेकायची वेळ आली आणि माझ्याकडून "एकोणीसशे" एवढंच बाहेर पडलं. पुढचं दमात गेलं.

"एकोणीसशे काय?" काकांनी विचारलं. "किंमत?"

चौथ्या वळणावर त्यांनी माझ्या पुढच्या टायरला अंगठा दाबला. टायर दबलं. रोग्याची नाडी सापडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. "हवा कमी आहे! म्हणून चढत नाही. पंप आहे का? मी मारून देतो." आता ह्या टायरात ट्यूब नाही, बावीस पीएसआय हवा मी घरी काट्यावर मोजून भरली आहे, टायर मऊ असलं की दगड धरून ठेवतं, हे सगळं मी तीन-तीन शब्दांच्या हप्त्यांत सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग पुन्हा अंगठा दाबला. "कमीच आहे."

आणि मग त्यांना ती सीट दिसली. चूक माझीच. काहीतरी आधुनिक दाखवून छाप पाडावी म्हणून मी हँडलवरची कळ दाबली आणि सीट खाली बसवून दाखवली. कळ पुन्हा दाबली, सीट फुस्स करून वर आली. काका अर्धा क्षण गप्प. मग त्यांनी काठी काखेत धरली, सायकल माझ्याकडून ताब्यात घेतली आणि स्वतः कळ दाबून तळहातानं सीट खाली लोटली. सोडली. फुस्स. पुन्हा. फुस्स. चेहऱ्यावर असा आनंद की मला क्षणभर त्यांच्याबद्दल माया वाटली. "सलूनच्या खुर्चीसारखी आहे!" ते म्हणाले. सातव्या फुस्सनंतर मात्र गंभीर झाले. "पण हे कशाला?" उतारावर सीट खाली गेली की वजन मागे, खाली नेता येतं, असं मी सांगितलं. "मग आधीच खाली बसवून आणायची ना."

मला माउंटन बायकिंगच्या मूळपुरुषांचा हेवा वाटतो. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या माउंट तमाल्पाइसजवळ काही पोरांनी जुन्या जडशीळ सायकलींवर एका कच्च्या उतारावर शर्यती लावल्या. मागे पायानं उलटं पेडल मारून लागणारा ब्रेक. उतरताना तो इतका तापायचा की हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि खाली पोचल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. त्या 'रीपॅक' करण्यावरून शर्यतीचंच नाव रीपॅक पडलं. पुढे वीस वर्षांत, १९९६ला, हा खेळ ऑलिंपिकमध्ये गेला. पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा, की ते लोक सायकली बऱ्याचदा ट्रकमध्ये टाकून वर न्यायचे. चढावर त्यांना काका भेटले नाहीत, म्हणूनच हा खेळ जन्माला आला, असं माझं मत झालं आहे.

तर पडण्याचं. धार आता दिसायला लागली होती, वारा अंगावर येत होता, आणि मी एका लयीत आलो होतो. माझ्या बुटाच्या तळव्याला लोखंडी क्लीट असते, ती पेडलमध्ये खटकन बसते. या पेडलला म्हणतात 'क्लिपलेस'. पाय क्लिपमध्ये अडकतो आणि नाव क्लिपलेस! कारण पूर्वी चवड्यावर पिंजऱ्यासारखी क्लिप असायची, ती गेली. नाव देणाऱ्याला मी एकदा भेटणार आहे. पाय सोडवायचा तर टाच बाहेरच्या बाजूला वळवायची. घाबरलेला माणूस पाय वर ओढतो. वर ओढून तो सुटत नाही.

आडवाटेतून काका थेट माझ्या चाकासमोर उगवले. पिवळा त्रिकोण आठवला. मी सभ्य नागरिकासारखा ब्रेक दाबला, थांबलो, वाट दिली. उजवा पाय सुटला. तोल डावीकडे गेला. डावा पाय मी वर ओढला.

पडायला फार वेळ लागतो हो. मधे मला काकांच्या चपलेचा तुटलेला अंगठा दिसला, त्याला लावलेली सेफ्टी पिन दिसली. मग झुडूप, मग कोपर, मग सायकल माझ्या अंगावर.

काका वाकले. काठीच्या टोकानं, माझ्याच फांदीच्या टोकानं, त्यांनी सायकलचं चाक हलवून पाहिलं आणि म्हणाले,

"स्टँड असता तर पडला नसता."

यावर उत्तर नाही. मी तीन दिवस शोधतो आहे.

राग कशाचा आहे ते नीट सांगतो, कारण काका तसे वाईट नव्हते, त्यांनी मला उठवलं. पाऊस झाला की याच वाटेच्या तोंडाशी साखळी लागते: वाट ओली, सायकलींना बंदी. बरोबर आहे, ओल्या वाटेत चाकाची चर पडते. आमच्यातले काही साखळीखालून घुसतात, उतारावर मागचं चाक फरफटत वळणं खणून काढतात. त्यांची सायकल जप्त करा, मी हात द्यायला येईन. पण त्याच साखळीला वळसा घालून बुटांची रांगच्या रांग आत गेलेली असते, चिखल टाळायला कडेनं चालत चालत एका वाटेच्या तीन वाटा करत. त्यांना फलक नाही. त्यांना निसर्गप्रेमी म्हणतात. आम्हाला "ते सायकलवाले".

वर पोचलो तेव्हा काका बाकावर बसून दोन अनोळखी बायकांना हकीकत सांगत होते. "हेच ते," त्यांनी काठी माझ्याकडे केली. दोघींनी आधी माझ्याकडे आणि मग सायकलखाली, जिथं स्टँड असायला हवा होता तिथं पाहिलं. देखावा म्हणे फार सुंदर होता, दोन्ही दऱ्या स्वच्छ दिसत होत्या. मी ब्रेकचा वाकलेला लिव्हर सरळ करत होतो.

काका आधी उतरू देत, मग निवांत जाऊ, असं ठरवून मी पंधरा मिनिटं काढली. मग सीट खाली केली, धार सोडली आणि एकदाचा तो उतार सुरू झाला, ज्याच्यासाठी माणूस हे सगळं सोसतो. टायर दगड धरत होतं. बावीस पीएसआय. कोपरही विसरलो.

पहिल्याच वळणावर काका दगडावर बसले होते. मी थांबलो. या वेळी डावा पाय आधी.

"म्हटलं, येतात की नाही बघूया," ते म्हणाले आणि उठले. "ती खुर्ची एकदा वर करा बघू."

मी केली.