पळणाऱ्या खेळाडूंचा पाठलाग : एका फिरत्या विधानाचा प्रतिवाद

टेबलाभोवती बसून फासे आणि कल्पना यांच्या बळावर खेळल्या जाणाऱ्या रोलप्लेइंग खेळांविषयीचे एक विधान अलीकडे माझ्याकडे तीन वेगवेगळ्या ओळखीच्या माणसांकडून आले आणि तिघांनीही ते सिद्ध झालेले सत्य असल्यासारखेच पुढे पाठवले होते. त्याचा आशय असा की, खेळाडूंनी लढाईतून पळ काढला तर डीएमने, म्हणजे शत्रूंपासून गावकऱ्यांपर्यंत सर्वांच्या वतीने बोलणाऱ्या खेळ-चालकाने, खलनायकाला त्यांच्या मागे सोडून त्यांचा निकाल लावलाच पाहिजे. त्यासाठी चार कारणे दिलेली आहेत : शहाणा शत्रू पळणाऱ्याला सोडत नाही, नियमच असे आहेत की पळणारा वाचू शकत नाही, एकदा सोडले की खेळाडूंना पळण्याची चटक लागते आणि भीती संपते, आणि पाठलाग केला नाही तर खलनायकाने करण्यासारखे दुसरे काही उरत नाही.

आमचे गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, संत्र्याच्या पट्ट्यात आहे. आम्ही पाच जण रविवारी रात्री एका ओसरीवर खेळतो, आणि ज्या आठवड्यात शेतीपंपाची वीज रात्री असते त्या आठवड्यात दोघे जण मध्येच उठून ओलिताला जातात, त्यामुळे अर्धवट सुटलेली लढाई आमच्यासाठी नवी नाही. हे सांगण्याचे कारण एवढेच की विधानातील पहिल्या कारणाचे उत्तर मला नियमांच्या पुस्तकाआधी शेतातच सापडले.

रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी आमच्याकडे रात्री जागल करतात. माळ्यावर बसलेल्या माणसाला खसफस ऐकू आली की तो बॅटरी मारतो, डबा वाजवतो, आरडाओरडा करत खाली उतरतो आणि कळपाला धुऱ्यापर्यंत, म्हणजे शेताच्या बांधापर्यंत, हाकलतो. धुऱ्याच्या पलीकडे तो जात नाही. तो भित्रा असतो म्हणून नव्हे, तर त्याचे काम पीक राखण्याचे असते म्हणून. तो एका कळपामागे नाल्यापर्यंत धावला, तर दुसरा कळप मागच्या बाजूने हरभऱ्यात शिरतो. खेळातील निम्मे शत्रू असे जागलकरीच असतात. देवळाचे रक्षक, पुलावरची चौकी, पिले असलेली मादी, खजिन्यावर बसवलेले पुतळे : या सर्वांना आलेला माणूस निघून जायला हवा असतो, आणि पळणारे खेळाडू नेमके तेच करत असतात. जो निघून चालला आहे त्याच्यामागे जागा सोडून धावणारा रक्षक शहाणा कसा?

शिकार करणाऱ्यांचे गणित वेगळे असते, पण तेही एकसारखे नसते. वाघ दबा धरून जवळून झडप घालतो आणि ती चुकली तर सहसा लांब धावत नाही. रानकुत्र्यांची टोळी मात्र सावजाला पळवून पळवून थकवते. मोह वेचताना अचानक समोर आलेले अस्वल भयंकर जखमा करते, पण ते बहुधा बिथरून अंगावर आलेले असते, खाण्यासाठी नव्हे. या तिघांना एकच प्रतिक्रिया देणाऱ्या डीएमने जंगलाचा विचार केलेला नसतो.

राहिला माणूस. विधान पुढे पाठवणाऱ्यांपैकी एकाने इतिहासाचा दाखला दिला होता की, जिंकलेली फौज पाठलाग करतेच. आमच्याच भागातला पुरावा पाहू. 29 नोव्हेंबर 1803 रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगावजवळ नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या फौजेचा इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या सैन्याने पराभव केला, आणि घोडदळाने चांदण्या रात्री माघार घेणाऱ्यांचा पाठलाग केला, हे खरे आहे. तो घोडदळाने केला, हा त्यातला पहिला धडा. ज्याच्याजवळ पळणाऱ्यापेक्षा वेगवान काही नाही, त्याची इच्छा कितीही असली तरी उपयोग नाही. दुसरा धडा पुढच्या अठरा दिवसांत आहे. 15 डिसेंबरला भोसल्यांचा गाविलगड किल्ला पडला, 17 डिसेंबरला देवगावचा तह झाला, त्यात कटक प्रांत आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला, आणि रक्त सांडून घेतलेला गाविलगड मात्र नरनाळा किल्ल्यासह त्यांच्याकडेच राहिला. पाठलागाचा हेतू शेवटचा माणूस मारण्याचा नव्हता. समोरच्याला तहाला बसवण्याचा होता. खलनायकाला काय हवे आहे हे लढाईआधी ठरलेले असेल, तर खेळाडू पळाल्यावर तो काय करील याचे उत्तर वेगळे शोधावे लागत नाही.

दुसऱ्या कारणात तथ्य आहे आणि ते मान्य करायला हवे. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या प्रकारातल्या सर्वांत प्रसिद्ध खेळाच्या 2014 च्या आवृत्तीत माणूस सहा सेकंदांच्या एका फेरीत 30 फूट चालतो, लांडगा 40 फूट. शत्रूच्या आवाक्यातून सरळ बाहेर पडले तर त्याला एक फुकटचा वार मिळतो. सावधपणे बाहेर पडायचे तर त्यातच त्या फेरीतली कृती खर्ची पडते आणि मग तितक्याच वेगाचा शत्रू चालत येऊन पुन्हा वार करतो. चौकटीच्या नकाशावर, पाळीपाळीने, बरोबरीच्या शत्रूपासून सुटणे खरोखरच जड आहे. पण यातून निघणारा निष्कर्ष ‘पळणारा मेलाच पाहिजे’ हा नाही, तर ‘पळापळ सुरू झाली की पाळ्यांचा हिशेब बाजूला ठेवावा’ हा आहे, आणि नियम लिहिणाऱ्यांनीही तो वेळोवेळी काढलेला आहे. याच आवृत्तीत डीएमसाठीच्या पुस्तकात पाठलागाचे स्वतंत्र नियम आहेत, ज्यांत धावणाऱ्याच्या दमाला मर्यादा आहे, आणि ती मागून धावणाऱ्यालाही लागू होते. याच खेळाच्या 1981 च्या बेसिक संचात पळताना मागे अन्न किंवा धन टाकून देण्याची सोय होती; बिनडोक प्राणी अन्नाशी थांबण्याची आणि बुद्धिमान शत्रू धनाशी थांबण्याची शक्यता निम्मी. 2013 च्या ‘थर्टींथ एज’ या दुसऱ्या खेळात तर सर्व खेळाडूंनी एकमताने पळायचे ठरवले की ते जखमींसह सुटतात, फक्त मोहिमेत त्यांचे मोठे नुकसान होते. म्हणजे जीव वाचतो आणि कथेत किंमत मोजावी लागते.

त्याच 1981 च्या संचात शत्रूच्या धैर्याचा आकडा असे, आणि या विधानाने तो साफ विसरलेला दिसतो. टोळीतला पहिला माणूस पडला किंवा निम्मी टोळी गारद झाली की दोन फासे टाकायचे. बेरीज आकड्यापेक्षा जास्त आली तर शत्रूच कच खातो. गॉब्लिन या खुज्या राक्षसांचा आकडा 7 होता, म्हणजे 36 पैकी 15 वेळा ते पळणार. ज्या क्षणी खेळाडू पळायला निघतात, त्या क्षणी समोरचेही बहुधा जखमी, मोजके आणि घाबरलेले असतात, आणि अंधारात पळणाऱ्यांच्या मागे जाताना पुढे सापळा असेल ही शंका त्यांच्याही मनात येणारच.

तिसऱ्या कारणाबाबत मी स्वतः चूक केलेली आहे. सुरुवातीच्या काळात मी याच समजुतीने एका पडक्या गढीतून पळणाऱ्या चारही पात्रांना ओढ्याच्या काठावर गाठून मारले. त्यानंतर माझ्या खेळाडूंना पळण्याची चटक लागण्याचा प्रश्नच उरला नाही, कारण ते पळेनासेच झाले. पुढच्या मोहिमेत उघड हरणारी लढाई चालू असताना मी सुचवले की मागचे दार उघडे आहे, तेव्हा संत्र्याच्या बागेचे मालक असलेले आमचे भाऊ शांतपणे म्हणाले, “पळूनही मराचंच हाये, तं मंग लढूनच मरू ना.” माघार ही खेळाडूच्या हातातली एक निवड असते, ती निरुपयोगी ठरवली की भीती वाढत नाही, उलट खेळाडू हिशेब करणेच सोडून देतात आणि उरतो फक्त फाशांचा खडखडाट.

चौथे कारण मला सर्वांत दुबळे वाटते, कारण खलनायकाचा खरा खेळ खेळाडू पळाल्यावरच सुरू होतो. पळणाऱ्यांनी त्याला वेळ दिलेला असतो. आमच्या सध्याच्या मोहिमेत घाट अडवून बसलेल्या दरोडेखोरांचा एक म्होरक्या आहे. त्याची अकरा माणसे होती, खेळाडूंनी चार पाडली, पण त्यांचे दोघे लोळले आणि बाकीचे त्यांतल्या एकालाच उचलून खाली पळाले. म्होरक्याला घाटातून जाणाऱ्या बैलगाड्यांची वसुली हवी होती, खेळाडूंची मुंडकी नव्हे. म्हणून त्याने मागे राहिलेल्या पात्राला मारले नाही. 2014 च्या नियमांत जवळून शेवटचा वार करणाऱ्याला समोरच्याला केवळ बेशुद्ध पाडण्याची मुभा आहेच, आणि जिवंत माणसाची खंडणी मिळते. त्याने वाटेवर दगड रचून ती अरुंद केली, माल वरच्या गुहेत हलवला, आणि खेळाडूंची मोडकी ढाल बाजाराच्या दिवशी गावात पाठवून सांगितले की आता दर गाडीमागे दुप्पट वसुली पडेल, ती यांच्यामुळे.

खेळाडूंना हा घाव तलवारीपेक्षा जास्त लागला. ज्या पाटलाने त्यांना ओवाळून पाठवले होते त्याने वाड्याचे दार उघडले नाही, तेल्याने उधार बंद केले, आणि एका म्हातारीने तर खंडणीसाठी स्वतःच्या पाटल्या काढून देऊ केल्या, त्या घ्याव्यात की नाही यावर आमची अख्खी रात्र गेली. म्होरक्या त्या रात्री एकदाही समोर आला नाही. अर्थात पाठलाग कधीच करू नये, असे मी म्हणत नाही. खेळाडू त्याची वसुलीची वही घेऊन पळाले असते, तर त्याने उरलेली सातही माणसे त्यांच्यावर सोडली असती आणि मीही हात आखडता घेतला नसता.

सध्या तिघे जण गावाबाहेरच्या गोठ्यात मुक्कामाला आहेत, चौथा घाटावर बांधलेला आहे, आणि खंडणीची मुदत पुढच्या बाजारापर्यंत आहे.