भाजीवर तंबाखूचं पाणी मारा म्हणणाऱ्या फॉरवर्डबद्दल जरा

"घरच्या घरी 100% सेंद्रिय भाजी, शून्य खर्च, 30 दिवसांत बाजार बंद!!" हा मेसेज तुमच्याकडे आला नसेल तर तुम्ही एकाही फॅमिली ग्रुपवर नाही असं समजा. मीही दोन-तीनदा बघून पुढे गेलो होतो. पण परवा सांगलीच्या आत्याने ग्रुपवर फोटो टाकला, बादलीत भिजत घातलेला तंबाखू, आणि खाली प्रश्न, "एवढ्या पाण्याला पाव किलो पुरेल ना रे?" पाव किलो! गच्चीवर चार मिरच्या, दोन टोमॅटो, आणि घरात दीड वर्षाची नात, जी दिसेल ते तोंडात घालते. लगेच फोन करून आधी ती बादली उचलायला लावली. बाकीचं फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहितोय.

मेसेजमध्ये पाच गोष्टी आहेत: माती नको नुसतं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घ्या, ओला कचरा थेट कुंडीत टाका, अंड्याची टरफलं आणि केळीच्या सालीचं पाणी घातलं की दुसरं खत नको, कीड आली की तंबाखूचं पाणी मारा, आणि महिन्याभरात घरची सगळी भाजी. मी चौथ्यापासून सुरू करतो कारण बाकीच्यांत फार तर रोपं मरतात.

त्यात लिहिलंय की तंबाखू रात्रभर थंड पाण्यात भिजवा, सकाळी हाताने कुस्करून पिळा, सगळ्या भाज्यांवर मारा, "नैसर्गिक असल्याने हातमोजे लागत नाहीत", दुसऱ्या दिवशी भाजी तोडून खा, उरलेलं पाणी सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवा. म्हणजे चहासारख्या दिसणाऱ्या विषाची बाटली, सरबताचं लेबल असलेली, स्वयंपाकघरात. हे लिहिणाऱ्याच्या घरी लहान मूल नसावं बहुतेक.

निकोटिन कातडीतून आत जातं. निपाणीकडे कुणाचं शेत असेल तर विचारा, तंबाखूच्या ओल्या पानांत दिवसभर काम करणाऱ्या माणसाला मळमळ, उलट्या, गरगरणं होतं, जगभरच्या तंबाखूच्या शेतांवर हा त्रास नोंदलेला आहे आणि त्याला वेगळं नावसुद्धा आहे. आणि आपण बायकांना सांगतोय की उघड्या हाताने कुस्करा.

आता कुणीतरी म्हणणार, आमचे आजोबा मारायचे, मावा (पानांतला रस शोषणारी बारीक कीड) मरायचा. मरतो ना! कबूल. निकोटिन हे जुनं कीटकनाशक आहे, मावा आणि तुडतुडे त्याने पटापट मरतात, आणि नैसर्गिक शेतीवाल्यांच्या 'अग्निअस्त्र' नावाच्या घरगुती फवारणीतही तंबाखू घालतात हेही मला माहितीये, ते सांगायला कमेंटमध्ये येऊ नका. पण मावा मरतो म्हणून ते जेवणाच्या ताटात चालतं असं कुठे ठरलं? कीटकनाशक म्हणून निकोटिन सल्फेट वापरायला आपल्या देशात 1992 पासून बंदी आहे, फक्त निर्यातीसाठी बनवायला परवानगी ठेवली होती. आणि "सेंद्रिय आहे" म्हणणाऱ्यांसाठी खास: अमेरिकेच्या सरकारी सेंद्रिय नियमांत एक यादी आहे, निसर्गात मिळत असलं तरी सेंद्रिय शेतीत अजिबात वापरायचं नाही अशा पदार्थांची. त्यात आर्सेनिक आहे, स्ट्रिकनिन आहे म्हणजे कुचल्यातलं विष, आणि त्याच यादीत तंबाखूची पूड आहे. ज्या शेतकऱ्याला तिकडे सेंद्रियचं सर्टिफिकेट हवंय त्याला हे मारता येत नाही, आणि आपण गच्चीवरच्या कोथिंबिरीवर मारून वर "विषमुक्त" म्हणून स्टेटस ठेवतो.

धुतल्यावर जातं म्हणता? जर्मनीत ब्राउनश्वाइगच्या विद्यापीठातल्या लोकांनी पुदिन्याच्या मुळाशी सिगारेटचा तंबाखू टाकून पाहिला, तर निकोटिन मुळातून वर चढून पानांत सापडलं. आत शिरलेलं नळाखाली धुऊन कसं निघणार.

अजून एक गोष्ट, जी टोमॅटो-मिरची लावणाऱ्याला तरी कळायला हवी. तंबाखू, टोमॅटो, मिरची, वांगी हे सगळे एकाच कुळातले. तंबाखूवरचा मोझॅक व्हायरस वाळलेल्या तंबाखूतही जिवंत राहतो आणि नुसत्या हाताच्या स्पर्शाने रोपाला लागतो. उकळलं असतं तर बराचसा मेला असता, पण मेसेजमध्ये थंड पाणी सांगितलंय! मग पानांवर हिरवे-पिवळे चट्टे पडतात, पानं आकसतात, आणि त्यावर औषध नाही, रोप उपटून फेकायचं. कीड घालवायला गेलात आणि रोग घेऊन आलात.

बरं, मावा आला तर करायचं काय? मिरचीचं पान उलटं करून बघा. हिरवट-काळे बारीक ठिपके दाटीने बसलेले दिसतात, पान चिकट लागतं, आणि त्या चिकट्यासाठी मुंग्यांची रांग. त्याच गर्दीत एखादी काळपट, लांबट, पाठीवर नारिंगी ठिपके असलेली अळी फिरताना दिसली तर तिला हात लावू नका, ती ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी आहे आणि ती मावा खाते. बहुतेक जण हिलाच आधी चिरडतात. तंबाखूच्या पाण्याने मावा मरतो तशी हीसुद्धा मरते, म्हणून पुढच्या आठवड्यात मावा दुप्पट. त्यापेक्षा पाइपने पानाच्या खालून जोरात पाणी मारा, चार-सहा कुंड्यांना एवढं बहुतेकदा पुरतं. नाहीच हटला तर निंबोळी अर्क: 50 ग्रॅम निंबोळीचा भरडा लिटरभर पाण्यात रात्रभर, सकाळी फडक्यातून गाळायचा, साबणाच्या पाण्याचे थोडे थेंब टाकून संध्याकाळी ऊन उतरल्यावर फवारायचा. वास येतो, सोसायटीतले कुरकुरतात, कुरकुरू देत.

बाकीचं भराभर.

नुसतं कोकोपीट: गच्चीवर वजन कमी होतं हे खरंय, स्लॅबची काळजी असेल तर मिसळा जरूर. पण त्यात झाडाला खायला जवळजवळ काहीच नसतं, नुसतं पाणी धरून ठेवतं. माती, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, आणि कोकोपीट, तिन्ही साधारण सारख्या वाट्याने घ्या. शेणखत हातात घेतल्यावर चहापूडसारखं भुसभुशीत पाहिजे, शेणाचा वास येत असेल तर परत करा, कच्च्या शेणातून हुमणी नावाची अळी येते आणि मग मुळं कुरतडलेली रोपं सकाळी मान टाकून बसतात.

ओला कचरा कुंडीत: इथे अर्धं खरं आहे म्हणून जास्त राग येतो. पालापाचोळ्यावर भाजी पिकवता येते हे कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या 'प्रयोग परिवार' या शेतकऱ्यांच्या गटाने केव्हाच लोकांना शिकवलंय. पण पाला वाळलेला, भरपूर, आणि त्याला कुजायला वेळ. कालच्या वांग्याची देठं आणि उरलेला भात कुंडीत पुरलात तर कुजताना तिथली माती तापते, मुळांच्या वाट्याचा नायट्रोजन जिवाणूच खातात, चिलटं होतात, आणि उंदीर येतो तो वेगळाच. वेगळ्या डब्यात ओल्यावर दुप्पट सुका पाला टाकत जा, दोन-तीन महिन्यांनी वापरा.

अंड्याची टरफलं विरघळायला फार वेळ घेतात, आणि आपल्या काळ्या मातीत चुनखडी मुळातच भरपूर असते, तिला आणखी चुना कशाला. टोमॅटोचं बूड काळं पडतंय म्हणून टरफलं टाकणाऱ्यांनी आधी पाणी रोज नेमाने घालून बघावं, बहुतेक वेळा कारण तेच असतं. केळीच्या सालीच्या पाण्यात थोडं पोटॅश असतं. थोडंच. साल कंपोस्टच्या डब्यात टाका, बाटलीत ठेवून घाण वास कशाला.

आणि 30 दिवस. मेथी 25-30 दिवसांत येते, ती कुणालाही येते, मेसेजवाल्याने तेवढीच लावली असणार. कोथिंबीर धणे रगडून दोन फाका करून पेरली तरी चाळीसेक दिवस, टोमॅटोला रोप लावल्यापासून दोन-अडीच महिने, आणि तेही पाच-सहा तास थेट ऊन मिळत असेल तर. बाल्कनी उत्तरेला असेल तर टोमॅटोचा नाद सोडा, पुदिना, अळू लावा. आत्याची गच्ची पूर्वेला मोकळी आहे, तिला पहिल्या खेपेला मेथी, मुळा आणि दोन मिरच्या एवढंच सांगितलंय.