थंडी आमची, नाताळ आमचा, पार्किंग मात्र तुमचं

डिसेंबरचा तिसरा आठवडा लागला की नाशिकमध्ये सकाळी उठून एकच विचार करायचा असतो: आज घराबाहेर पडायचं की नाही. थंडीमुळे नव्हे हो. थंडीसाठी तर आम्ही वर्षभर थांबतो. प्रश्न गाड्यांचा आहे. शरणपूर रोडवरून कॅनडा कॉर्नर, तिथून कॉलेज रोड, पुढे गंगापूर रोड, एरवी स्कूटरवर गाणं गुणगुणत जायचा रस्ता. नाताळच्या आठवड्यात तिथे माणूस म्हातारा होतो. पुढची गाडी हलत नाही, मागचा हॉर्न सोडत नाही, आणि डाव्या बाजूला कुणीतरी डबल पार्किंग करून आत कॉफी प्यायला गेलेला असतो. इंडिकेटर चालू ठेवून! जणू इंडिकेटर चालू असला की पाप लागत नाही.

जून 2025 पर्यंत मुंबईकरांना निदान कसारा घाट तरी आडवा येत होता. मग समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि आता सकाळी लहर आली की लोक दुपारच्या जेवणाला नाशकात. शनिवारी सकाळी गंगापूर धरणाकडच्या रस्त्यावर उभं राहा, एमएच 15 शोधावी लागते. त्यात 2027 चा सिंहस्थ तोंडावर, म्हणून जिथे तिथे खणून ठेवलंय. अर्धा रस्ता कुंभाचा, अर्धा पर्यटकांचा, आणि टॅक्स भरणाऱ्या आम्ही खडीच्या ढिगावरून चालायचं.

पाहुण्यांवर माझा राग नाही, हे आधीच सांगते. या, द्राक्षं खा, मिसळ खा, पांडवलेणी चढा. माझा राग आहे तो आमच्याच लोकांवर, ज्यांनी नाशिकची थंडी आणि नाशिकचा नाताळ या दोन्ही गोष्टी तिकीट लावून विकायला काढल्यात. आणि विकतायत काय? नकली माल.

गेल्या वर्षी भाचीच्या हट्टापायी एका 'विंटर कार्निव्हल'ला गेले होते. कुठल्या ते विचारू नका, सगळे सारखेच. माणशी तिकीट, पार्किंगचे वेगळे पैसे, आत गेल्यावर मुलांना उड्या मारायच्या गादीचे वेगळे. आणि मुख्य आकर्षण काय, तर 'स्नोफॉल'. म्हणजे छताला टांगलेल्या मशीनमधून साबणाचा फेस. तो डोळ्यांत जातो, झोंबतो, पोरं रडतात, आई-बाप ती रडणारी पोरं उचलून सेल्फी काढतात. बाहेर पारा दहाच्या खाली, दातांवर दात आपटतायत, आणि हे लोक चार भिंतींच्या आत हीटर लावून साबणाचं बर्फ पाडतायत! अरे, बाहेर या की! खरी थंडी फुकट आहे!

त्या फुकटच्या थंडीची किंमत कोण मोजतं तेही ऐका. दर डिसेंबरला बातम्यांत 'निफाड गारठलं' येतं. तो आकडा बहुतेक वेळा निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला असतो. गव्हाला थंडी मानवते. द्राक्षाला नाही. पारा फार उतरला की मण्यांना तडे जातात, माल फुगत नाही, आणि बागाईतदार पहाटे तीन-चारला उठून बागेत शेकोट्या पेटवतो, ठिबक सोडतो, म्हणजे जमिनीलगत जरा ऊब राहील. माझ्या ऑफिसातल्या एकाची पिंपळगावकडे बाग आहे. तो त्या आठवड्यात लाल डोळ्यांनी कामावर येतो. त्याच्या शेजारच्या टेबलावरचा मित्र त्याला मोबाइलवर निफाडचा आकडा दाखवून म्हणतो, 'काय मस्त वातावरण आहे ना, या वीकेंडला वायनरीत जाऊ.' तो बिचारा हसतो. मी असते तर स्टेपलर फेकून मारला असता.

आता नाताळ. इथे माझं डोकं खरं फिरतं.

मी मराठी ख्रिस्ती. वडील नेवाशाचे, आई नाशिकची. सोसायटीत नवीन कोणी राहायला आलं की ठरलेला संवाद होतो. 'तुम्ही मूळचे कुठले?' नेवाशाचे. 'नाही, पण मूळचे?' अहो, नेवासाच! गोव्याहून आले असते, केरळातून आले असते तर यांना बरं वाटलं असतं. ज्या शरणपूर रोडवर तुम्ही गाडी आडवी लावून पिझ्झा खाता, ते शरणपूर म्हणजे 1854 मध्ये मिशनने वसवलेली ख्रिस्ती वस्ती. समुद्रावर गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकी मुलंसुद्धा इथे आणून शिकवली. आफ्रिका धुंडाळणारा डेव्हिड लिव्हिंग्स्टन तिथेच मेला, त्याचं शव किनाऱ्यावर आणून इंग्लंडपर्यंत पोचवणाऱ्यांत जेकब वेनराइट होता, तो नाशिकच्या याच शाळेत शिकलेला. 1874 मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनाच्या वेळी शवपेटीबरोबर चालणाऱ्या मानकऱ्यांत तो होता. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांचं जन्मगाव जलालपूर, हे इथून हाकेच्या अंतरावर. त्यांचे पती रेव्हरंड टिळक, त्यांची भजनं आम्ही आजही पेटी, ढोलकी आणि झांजा घेऊन म्हणतो. एवढं सगळं या शहराच्या पोटात आहे, आणि शहर नाताळ म्हणून काय साजरा करतं? तर लाल टोपी आणि एकावर एक फ्री बिअर.

यात सरकारही मागे नाही. नाताळनिमित्त ते काय करतं, तर 24, 25 आणि 31 डिसेंबरला वाइन शॉप रात्री एकपर्यंत आणि बार, परमिट रूम पहाटे पाचपर्यंत उघडे ठेवायची सूट देतं. गेली कित्येक वर्षं हा आदेश न चुकता निघतो. 31 चं समजू शकते, त्या दिवसाशी आमचं काही देणंघेणं नाही. पण 24 आणि 25 कशासाठी? त्या रात्री आम्ही चर्चमध्ये असतो हो! दुसऱ्या कुठल्या धर्माच्या सर्वांत मोठ्या सणाला सरकार पहाटे पाचपर्यंत बार उघडा ठेवतं, सांगा. बाकीच्या काही सणांना ड्राय डे, आमच्या सणाला ओव्हरटाइम. आणि मग 26 तारखेला ऑफिसात डोळा मिचकावून विचारतात, 'काय, काल जोरात झालं असेल ना तुमचं?' जोरात झालं तर! सकाळी नऊची उपासना, पाळकसाहेबांचा लांबलेला उपदेश, मग घरी आल्यागेल्याला करंज्या, शंकरपाळे, चकल्या, आणि दुपारी मटण. तुमची दिवाळी असते तशीच. फराळ तोच, आकाशकंदिलाच्या जागी चांदणी, बाकी हाताला तळणाचा वास तोच.

आवाजाचं तर बोलायलाच नको. आमच्या चर्चच्या मंडळीचा तरुण संघ डिसेंबरात घरोघरी गाणी म्हणत फिरतो. दहा-बारा पोरं, एक ढोलकी, एक गिटार, थंडीने नाकं लाल झालेली. प्रत्येक घरी तीन गाणी, एक प्रार्थना, कपभर चहा, पुढचं घर. आमच्या इमारतीत ती येतात रात्री साडेआठला, पावणेनऊला निघून जातात. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज: 'कृपया धार्मिक कार्यक्रमांचा इतरांना त्रास होणार नाही याची काळजी घ्यावी.' खाली सतरा अंगठे.

त्याच ग्रुपवर चार दिवसांनी 'ख्रिसमस बॅश'चं पत्रक. वर्गणी सक्तीची नाही म्हणतात, पण न देणाऱ्यांची यादी लिफ्टमध्ये लागते. 24 तारखेला रात्री डीजे. लाउडस्पीकर रात्री दहा ते सकाळी सहा बंद, हा नियम 2000 सालचा. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते, आणि जिल्ह्याजिल्ह्याच्या त्या यादीत 25 आणि 31 डिसेंबर बहुतेक असतातच. 24 कुठून आली? आणि बारा वाजता तरी थांबला का डीजे? काच थरथरत होती कपाटाची. खाली लावणीचं रिमिक्स, त्यावर सांताक्लॉज नाचतोय. सांता म्हणजे आमचेच खजिनदार, दाढी गळ्यात आली होती त्यांची.

कळस ऐका. सेक्रेटरीबाई माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, 'ताई, सुरुवातीला तुम्ही दोन मिनिटं प्रार्थना म्हणा ना, जरा ऑथेंटिक वाटेल.' म्हटलं, म्हणते. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणेन, लहानपणापासून तीच पाठ आहे. तर बाई घुटमळल्या. 'इंग्लिशमधली नाही का येत? फील येतो हो जरा.' फील! माझ्या घरात चार पिढ्या मराठीत देवाशी बोलल्या, आणि माझ्या देवाला काय फील येतो ते आता डीजेवाला ठरवणार. मी म्हटलं, मी त्या वेळी चर्चमध्ये असते. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. 'अय्या, पार्टीला नाही थांबणार?'

आणि त्या चर्चपर्यंत पोचणं! आईचे गुडघे गेलेत, चालवत नाही, रिक्षा लागते. 24 ला संध्याकाळी रिक्षावाल्याला शरणपूर रोड म्हटलं की तो मानच हलवतो. चूक त्याची नाही. मॉलच्या रांगेत तो अर्धा तास अडकणार, त्याला कोण पैसे देणार? शेवटी एकजण तयार झाला, दुप्पट भाड्यात. चर्चच्या फाटकासमोर, अगदी फाटकासमोर, दोन मोठ्या गाड्या लावलेल्या. मालक रोषणाई बघायला आलेले. आत आले, येशूजन्माच्या देखाव्यातल्या गव्हाणीसमोर पाठ करून उभे राहिले, फोटो काढले, उपासना चालू असताना मोठ्याने फोनवर बोलले, 'अरे इकडे ये, इथलं डेकोरेशन भारी आहे', आणि गेले. गाड्या तिथेच. आईला रिक्षातून लांब उतरवून, दोन्ही बाजूंनी धरून, त्या दोन बंपरांच्या फटीतून आत नेलं. चर्च सर्वांना उघडं आहे, या ना, बसा, गाणी ऐका, कुणी हाकलणार नाही. पण फाटक सोडून गाडी लावा, एवढी अक्कल मागायला पण परवानगी काढायची का?

मला या आठवड्यात काय हवं असतं सांगू? पहाटे गोल्फ क्लबच्या मैदानाला दोन फेऱ्या, कानटोपी घालून. तेही गेलं. साडेसहाला झाडलोट होते आणि पानांच्या ढिगाला काडी लागते, त्यात प्लास्टिक, थर्माकोल, कालच्या पार्टीच्या प्लेटा. थंडीत हवा जमिनीलगत थांबून राहते, धूर वर जात नाही, तिथेच तरंगतो, आणि आपण तो छाती भरून घेत 'हेल्दी' चालतो. मग एका रविवारी नांदूर मध्यमेश्वरला जाऊ म्हटलं. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं पाणी, महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ, थंडीत लांबलांबून पक्षी येतात. तिथे काठावर एक टोळकं गाडीचे चारही दरवाजे उघडे टाकून गाणी वाजवत उभं. बदकं उठून पलीकडच्या काठाला गेली. वर टोळक्यातला एकजण आम्हालाच विचारतो, 'इथे फ्लेमिंगो कुठे दिसतात?' तुम्ही गेल्यावर दिसतात, दादा.

तर आता या वर्षीचं सांगून ठेवते. बॅशची वर्गणी मी देणार नाही, लिफ्टमध्ये नाव लावा, फोटोसकट लावा. तरुण संघाची पोरं येणार, ढोलकीसकट येणार, आणि पावणेनऊऐवजी सव्वानऊपर्यंत थांबणार, कारण नियम दहाचा आहे आणि तो मला पाठ आहे. 24 ला रात्री दहानंतर डीजे वाजला तर मी 112 ला फोन करणार, स्वतःच्या नावाने. ज्यांना फराळाला यायचं त्यांनी 25 ला दुपारी चारनंतर खुशाल या, करंज्या भरपूर आहेत, आईला माणसं आवडतात. चालत या. आणि सांताची टोपी घालून आलात तर दार उघडणार नाही.