पुढचं वचनही वाचा

सोलापुरातल्या ख्रिस्ती ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय आणि त्याखाली 'आमेन'ची रांग लागलीय. म्हणणं असं: लाज वाटल्याशिवाय माणूस सुधारत नाही, चुकलेल्याला उपासनेत सगळ्यांसमोर उभं करा, त्याचं प्रभुभोजन (उपासनेतला भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) बंद करा, विनाअट प्रीती हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे. आधाराला बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या पत्रातलं एक वचन, २ थेस्सलनीकाकरांस ३:१४.

आधी पौलाचं बघू. 'त्याला लाज वाटावी' असं त्या वचनात आहे, हे खरं. पण मेसेज तिथेच तोडलाय. पंधराव्या वचनात पौल लगेच बजावतो की त्याला शत्रू समजू नका, भाऊ म्हणून समज द्या. शिवाय तिथे विषय काम न करता दुसऱ्यांच्या जिवावर खाणाऱ्यांचा आहे, आपल्याकडे उपासनेत उभं केलं जातं तशा, पळून जाऊन लग्न केलेल्या मुलीचा नाही. करिंथ शहरातल्या मंडळीनं, म्हणजे तिथल्या चर्चनं, एकाला शिक्षा केली, तेव्हा ह्याच पौलानं लिहिलं की झाली तेवढी शिक्षा पुरे, आता क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल (२ करिंथकरांस २:६-७). आपल्याकडे 'पुरे' कोण म्हणतं? त्या मुलीला पोरं झाली, पोरं शाळेत जायला लागली, तरी महिला मंडळात विषय निघतोच.

प्रभुभोजन 'अयोग्य प्रकारे' घेऊ नये, हे १ करिंथकरांस अकराव्या अध्यायात आहे. तो अध्याय त्या वचनाच्या जरा आधीपासून वाचा. काहीजण आधीच जेवून घेत, बाकीचे उपाशी राहत. गरिबांना लाजवता काय, असं पौल त्यांना खडसावतो. तिथे दोष लाजवणाऱ्यांच्या पदरात पडलाय. वर्गणी थकलेल्या विडी कामगार बाईकडे प्रभुभोजनाच्या वेळी वळून बघणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं.

लाजेनं माणूस सुधारतो म्हणता? ह्याच गावात सेटलमेंट, म्हणजे सक्तीची वसाहत, होती. १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमातींवर गुन्हेगार म्हणून शिक्का मारला गेला. इथे तारेच्या कुंपणात माणसं कोंडली, त्यांची हजेरी घेतली. कायदा १९५२ मध्ये गेला. शिक्का मात्र नातवंडांपर्यंत पुरला.

आणि पाश्चात्त्य खूळ? आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला, हे रोमकरांस पत्रात आहे. लूकच्या पंधराव्या अध्यायातला, बापाचा पैसा उडवून घरी परतणारा मुलगा 'मला चाकर म्हणून ठेवा' हे वाक्य पाठ करून निघतो. बाप त्याला ते म्हणूच देत नाही. त्याआधीच धावत जाऊन त्यानं त्याला मिठी मारलेली असते.

मग पाप चालू द्यायचं? मुळीच नाही. मत्तय १८:१५ सांगतो की आधी एकट्यानं जा, दोघांतच बोला. आणि बायकोला मारणाऱ्याच्या बाबतीत 'क्षमा कर' म्हणून तिलाच त्या घरी परत धाडू नका. तिला आपल्या घरात जागा द्या, तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात जा. अशा घरात दबल्या आवाजात समेट घडवणारे मंडळीचे वडीलच बहुधा रविवारी लोकांना पुढे उभं करण्यात सगळ्यात कडक असतात.