‘बीटा 100 च्या खाली म्हणजे आयव्हीएफ फसलं’ हे खरं नाही

‘ट्रान्सफरनंतर दहाव्या दिवशी बीटा एचसीजी 100 च्या खाली आला तर गर्भ रुजलेला नाही, प्रोजेस्टेरॉन थांबवा’ असा मेसेज फिरतोय. आयव्हीएफमध्ये (टेस्ट ट्यूब बेबी उपचारात) लॅबमध्ये तयार केलेला गर्भ गर्भाशयात सोडतात, तो ट्रान्सफर. बीटा एचसीजी हे गर्भ रुजू लागल्यावर रक्तात दिसणारं हार्मोन, आणि प्रोजेस्टेरॉन हे गर्भाशयाचं अस्तर टिकवणारं हार्मोन. कृपया तो पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका.

साधारणपणे 5 च्या खाली निगेटिव्ह, 25 च्या वर पॉझिटिव्ह, मधला आकडा संशयित धरतात. 60 आला तर रुजायला सुरुवात झालेली असते. टिकेल का, ते एका आकड्यावरून ठरत नाही. 48 तासांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा रक्त द्या, कारण लॅब बदलली की किट बदलतं आणि आकडे जुळत नाहीत. दुप्पटच व्हायला हवा असंही नाही. सुरुवात 1500 च्या आत असेल तर किमान 49 टक्के वाढ पाहतात, म्हणजे 60 चे साधारण 90. वाढ रेंगाळली तर गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत आहे का, हे तपासावं लागतं.

खरा धोका गोळ्या थांबवण्यात आहे. हार्मोन देऊन अस्तर तयार केलेल्या फ्रोझन ट्रान्सफरमध्ये (गोठवून ठेवलेला गर्भ सोडताना) शरीर स्वतः प्रोजेस्टेरॉन बनवत नसतं. ते मध्येच बंद केलं तर रुजलेला गर्भही जाऊ शकतो.